दारू सुटते, पण कोंडून नाही
(संघटनेच्या शिबिरात आरोग्य कार्यकर्तीनं केलेलं भाषण)



मिटिंगमध्ये दारूचं नाव निघालं की पिणाऱ्याला शिव्या पडतात. मीही दिल्यात. आमच्या पाड्यावर एका दादाची दारू सोडवायची म्हणून आम्ही बायांनी त्याला खोलीत कोंडलं. हात थरथरले, घाम फुटला. आम्ही म्हटलं, नाटक करतोय. दुसऱ्या रात्री झटके आले. बैलगाडीतून दवाखान्यात नेला म्हणून वाचला. डॉक्टर म्हणाले, "हा आजार आहे, बाई."

ते समजून घ्या. जेवण, पोराचं हसू यांनी बरं वाटतं, ते मेंदूतल्या एका जागेमुळे. दारू तीच जागा जोरात हलवते. रोज प्यायलं की मेंदू दारूच मागतो, पोराचं हसू फिकं पडतं. शिवाय दारू मेंदूला सुस्त करते, म्हणून मेंदू उलटा जोर लावतो. दोघं एकमेकांना रेटत असले आणि एकानं अचानक अंग काढलं, तर दुसरा तोंडावर पडतो. तसंच हे. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम सोडली तर दोन-तीन दिवसांत झटके, भास होतात. जीवही जातो.

म्हणून आधी सरकारी दवाखाना. तिथं थरथर आवरायच्या गोळ्या देतात, हळूहळू कमी करतात. बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देतात. दारू नकोशी करणारी गोळीही असते, पण ती जेवणात चोरून घालू नका. वर दारू पडली तर माणूस दगावू शकतो. पुढचं काम आपलं: त्याच्याशी बोलणं, कामाला सोबत नेणं, पिणाऱ्या टोळक्यापासून लांब ठेवणं. परत घसरला तर परत न्यायचा. ताप उलटला तर आपण औषध सोडतो का?

दारूच्या उधारीवर अंगठा घेतला जातो, आणि जमीन कसायला दुसराच उभा राहतो. म्हणून हा जमिनीचाही प्रश्न आहे. मोहाची धार देवाला घालणं वेगळं, गुत्ता वेगळा. गडचिरोलीत लोकांनी चळवळ केली, 1993 साली जिल्ह्यात दारूबंदी झाली. 1996 च्या पेसा कायद्यानं आपल्या ग्रामसभेलाही दारू रोखायचा अधिकार दिलाय. ठराव गुत्त्यावर करा, आजाऱ्यावर नको.

तो दादा दोनदा घसरला. आता वर्षभर कोरडा आहे. इथंच बसलाय. विचारलं, "तुझं सांगू का?" म्हणाला, "नाव नको. पण सांग."

जिंदाबाद!