पहाटेचा वर्ग
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



“हल्ली शाळेत मुलांना धर्माचे काही शिकवीत नाहीत,” ही तक्रार आपल्या भजनाच्या दिवशी हमखास निघते. त्यावर आज एक दूरचे उदाहरण सांगते, अमेरिकेतील मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे.

तेथेही सरकारी शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही. १९४८ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळेच्या इमारतीत असे वर्ग भरविण्यास मनाई केली. पालकांच्या संमतीने मुलांनी शाळेबाहेर जाऊन धर्म शिकण्यास मात्र १९५२ साली मोकळीक दिली. मॉर्मन लोकांनी ती वाट आधीच धरली होती. १९१२ साली सॉल्ट लेक सिटीत ग्रॅनाइट हायस्कूलजवळ निराळी इमारत बांधून त्यांनी ७० मुलांचा वर्ग काढला. त्याला ते ‘सेमिनरी’ म्हणतात.

युटा राज्यात त्यांची वस्ती दाट. तेथे मुले शाळेतला एक तास मोकळा ठेवून शेजारी जाऊन येतात. जेथे वस्ती विरळ, तेथे काय करावयाचे? कॅलिफोर्नियात १९५० साली पहाटेचे वर्ग निघाले. चौदा ते अठरा वर्षांची मुले शाळेपूर्वी, सहाच्या सुमारास, चर्चमध्ये किंवा कुणाच्या घरी जमतात. बायबलचे जुना व नवा करार आणि पंथाचे स्वतःचे ग्रंथ असा चार वर्षांचा अभ्यास असतो. शिकविणारी पुष्कळदा त्यांच्यातलीच एखादी गृहिणी. वेतन काही नाही.

सगळी मुले हौसेने येतात असे नव्हे. कुणी डुलक्या घेते, कुणी आईच्या धाकाने येते. या वयात आठ ते दहा तास झोप हवी, असे डॉक्टर सांगतात. ती मोडते, हा दोष मी झाकीत नाही. पण मुलाआधी आई उठलेली असते, आणि शिकविणारी बाई धडा तयार करून बसलेली असते. मुले ते पाहतात.

आपल्या घटनेच्या २८व्या कलमानेही सर्वस्वी सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांत धर्मशिक्षण नाही. ते योग्यच, एका बाकावर नाना धर्मांची मुले बसतात. मग उरलेले काम आपलेच नव्हे का?

मी नातीला स्वयंपाकघरातूनच ओरडून सांगत असे, “शुभंकरोती म्हण ग!” एकदा ती म्हणाली, “आजी, तू का नाही बसत?” मला उत्तर सुचेना. त्या दिवसापासून दिवेलागणीला हातातले काम ठेवून मी तिच्याजवळ बसते.