आकाशावरून वाट काढण्याची विद्या

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात परभणी येथे दिलेले व्याख्यान)



समुद्रापासून सुमारे ४०० किलोमीटर दूर असलेल्या आपल्या परभणीत दर्यावर्दी विद्येवर बोलावे, याचे कित्येकांस नवल वाटेल. मी प्रथम जहाजावर निघालो तेव्हा मातोश्रींनी विचारले होते, "पाण्यात ना झाड ना धुरा, वाट कोण सांगणार?" त्या प्रश्नाचे उत्तर आज यथामती देतो.

वाट सूर्य आणि तारे सांगतात. ती समजून घेण्याचे साधन म्हणजे सेक्स्टंट. वर्तुळाच्या सहाव्या भागाएवढा कंस, दोन आरसे आणि एक लहान दुर्बीण, असे त्याचे स्वरूप. आरसा फिरवून सूर्यबिंब क्षितिजावर टेकवावयाचे आणि कोन वाचावयाचा. मध्यान्हीच्या या उन्नतांशावरून अक्षांश निघतो. रेखांशास मात्र अचूक घड्याळ लागते. कारण पृथ्वी ४ सेकंदांत १ कला फिरते, आणि विषुववृत्तावर १ कला म्हणजे १ सागरी मैल.

येथेच माझी फजिती झाली. उमेदवारीच्या काळात वेध घेताना मी वेळ टिपण्यात एका मिनिटाची चूक केली. नकाशावर जहाज सुमारे १४ मैल सरकले. उपग्रहयंत्रावर खरे स्थान दिसतच होते. त्याकडे पाहून मी माझे गणित गुपचूप जुळवून घेतले. वरिष्ठांनी वही पाहिली आणि एवढेच म्हणाले, "हलत्या जहाजावरून इतका अचूक वेध येत नसतो. चुकलेले गणित दाखव. त्यातून मला तुझी चूक सापडेल. या गणितातून काहीच सापडत नाही." त्या दिवशीची लाज आजही माझ्या उपयोगी पडते.

ही विद्या आता कालबाह्य झाली, असे कोणी म्हणेल. परंतु उपग्रहाचे संकेत अडविता येतात, खोटेही पाठविता येतात. म्हणूनच जहाजावरील अधिकाऱ्यांना ती आजही शिकावी लागते. नौदलाचे अधिकारी अभिलाष टॉमी २०१८ साली गोव्यात बांधलेल्या 'थुरिया' या शिडाच्या नौकेतून 'गोल्डन ग्लोब' शर्यतीत एकटेच निघाले. तेथे उपग्रहाची मदत निषिद्ध. सेक्स्टंट, घड्याळ आणि कागदी नकाशे एवढाच आधार. दक्षिण हिंदी महासागरात वादळाने डोलकाठी मोडली, पाठीच्या कण्यास जबर दुखापत झाली, आणि त्यांची सुटका करावी लागली. तरीही २०२२ साली ते पुन्हा त्याच शर्यतीत उतरले आणि २३६ दिवसांनी, २९ एप्रिल २०२३ रोजी दुसरे आले. नकाशावर फुली मारताना ताडून पाहावयास दुसरे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते.

आपल्या मुलामुलींना याचा पहिला धडा घरच्या गच्चीवर गिरविता येईल. येथे समुद्रक्षितिज नाही. त्याऐवजी परातीत काकवी ओतून ठेवावी, तिचा पृष्ठभाग आपोआप समतल होतो. २२ डिसेंबरला, घड्याळात सुमारे १२ वाजून २१ मिनिटे होतात तेव्हा परभणीचा खरा मध्यान्ह असतो. सेक्स्टंटच्या काळ्या काचा लावूनच, आकाशातील सूर्य आणि काकवीतील सूर्य एकमेकांवर आणावेत. कोन सुमारे ९४ अंश ३६ कला येईल. प्रतिबिंबामुळे तो दुप्पट असतो. निम्मा केला की ४७ अंश १८ कला. ९० अंशांतून तो वजा केल्यास उरतात ४२ अंश ४२ कला. सूर्याची त्या दिवशीची दक्षिण क्रांती २३ अंश २६ कला; तीही वजा करावी. उरले १९ अंश १६ कला: हाच आपल्या परभणीचा अक्षांश!

पहिल्या दिवशी उत्तर इतके नेमके येणार नाही. मुलाने परभणी चुकून नांदेडच्याही पलीकडे नेऊन ठेवली, तरी पालकांनी रागावू नये. ते चुकलेले गणित तसेच वहीत राहू द्यावे. उत्तर पाहून गणित जुळविणारा मनुष्य जमिनीवर कदाचित निभावून जातो, समुद्रावर नाही. आणि आपल्या घरांतील एखाद्या मुलाने वा मुलीने उद्या दर्यावर जाण्याची इच्छा दर्शविली, तर "आपल्यात कोणी गेले नाही" असे म्हणून तिला अडवू नये, ही माझी हात जोडून विनंती आहे.