भिलाईत समुद्र सांभाळताना

भिलाईहून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तरीही गेली काही वर्षं माझ्या हॉलमध्ये दोनशे लिटर खारं पाणी आहे. ते कसं सांभाळायचं, एवढंच आज सांगतो.

आधी कायद्याचं. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे. 2001 मध्ये त्याच्या पहिल्या अनुसूचीत भित्ती बांधणारी सगळी प्रवाळं आणि समुद्री घोडे आले. म्हणजे वाघाला जे संरक्षण, तेच प्रवाळाला. मला एका विक्रेत्याने जिवंत प्रवाळाचा तुकडा देऊ केला होता. ‘सगळेच ठेवतात, साहेब,’ म्हणाला. मी घेतला नाही. माझ्या टाकीत कारखान्यात बनवलेले सिरॅमिकचे दगड आणि क्लाउनफिश आहेत. आपल्या केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशची पैदास करण्याचं तंत्र बसवलेलं आहे, त्यामुळे मासे घेताना पैदास केलेलेच मागा. समुद्रातून पकडून आणलेले नकोत.

आता पाणी. नळाचं पाणी थेट वापरू नका. त्यात क्लोरीन असतं, नायट्रेट आणि फॉस्फेट असू शकतं. आरओनंतर डीआय रेझिनचं फिल्टर लावा. टीडीएस मीटरने शून्य दाखवलं पाहिजे. खायचं मीठ चालत नाही. मत्स्यालयासाठी मिळतं ते समुद्री मीठच घ्या. लिटरला साधारण 35 ग्रॅम, म्हणजे दोनशे लिटरला सात किलोच्या आसपास. मीठ वेगळ्या बादलीत, पंप लावून, एक दिवस फिरवा. मासे असलेल्या टाकीत कधीही मीठ ओतू नका.

नव्या टाकीत लगेच मासे सोडायचे नाहीत. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. तो विषारी. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. ही पलटण उभी राहायला चार ते सहा आठवडे लागतात. टाकीत थोडा अमोनिया घालून रोज मोजत राहा. घातलेला अमोनिया दिवसभरात संपला आणि नायट्राइटही शून्य आलं, की मग पहिला मासा.

बऱ्याच जणांची एक गफलत होते. पाणी उडतं, मीठ उडत नाही. उन्हाळ्यात माझ्या टाकीतून दिवसाला चार लिटर उडतात. तीन दिवस दुर्लक्ष केलं तर 35 ची खारटी 37 च्या वर जाते. म्हणून काचेवर खूण करा आणि रोज तेवढंच गोडं पाणी भरा, खारं नाही. आठवड्याला 20 लिटर पाणी बदलताना मात्र खारंच.

आता माझी चूक. मे महिन्यात मी लग्नासाठी नागपूरला गेलो. दुपारी वीज गेली, ती रात्रीच आली. घरात इन्व्हर्टर होता, पण तो पंखे आणि टीव्हीला जोडलेला. टाकीच्या पंपाला नाही. परत आलो तेव्हा पाणी 32 अंशांवर आणि दोन मासे तळाशी पडलेले. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, त्यात पाणी हलायचं थांबलेलं. नोकरीभर दुसऱ्यांना विचारलं, ‘राखीव व्यवस्था काय?’ घरी स्वतःला विचारलं नाही. मासे मला काही बोलू शकत नव्हते, हे जास्त लागलं.

तेव्हापासून इन्व्हर्टरवर पहिली जोडणी पंपाची, आणि शेजारी बॅटरीवर चालणारा एअर पंप. तापमान 25-26 वर ठेवायचं. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावला तरी दोन-तीन अंश उतरतात. पावसाळ्यात हवा दमट होते, तेव्हा पंखा फारसं काम करत नाही. खोलीचा एसी किंवा चिलर लागतो. त्याचा खर्च आधीच धरा.

आणखी दोन गोष्टी. तांब्याचं औषध मुख्य टाकीत घालू नका. कोळंबी, गोगलगाय मरतात. आजारी मासा वेगळ्या टाकीत घ्या. टाकीच्या खोलीत डासांचा स्प्रे मारू नका.

घेण्याआधी एक करा. महिनाभर नुसतं खारं पाणी सांभाळा, मासे न आणता. रोज तापमान आणि खारटी वहीत लिहा. एकही दिवस चुकला नाही, तर मासे आणा. चुकला, तर पुन्हा पहिल्या दिवसापासून.