मेंढकीचा जुकाम

घरात कुणी उगाच नखरे करू लागलं, की आमची आई म्हणायची, ‘मेंढकी को भी जुकाम हुआ!’ जन्मभर पाण्यात राहणाऱ्या बेडकीला सर्दी कशी होईल, असा त्यातला टोमणा. रोह्याला आमच्या घरामागे भाताची खाचरं होती. पहिला मोठा पाऊस पडला, की रात्रभर डराव डराव चालायचं. त्या आवाजात झोप लागायची आणि तो एकदम थांबला, तर जाग यायची.

आज ती म्हण आठवली, की हसू येत नाही. कारण बेडकीला खरोखरच आजार जडला आहे.

कायट्रिड नावाच्या बुरशीचा हा आजार. शास्त्रज्ञांना तिचा छडा लागला 1998 साली. डोळ्यांना न दिसणारे तिचे बीजाणू पाण्यात पोहत येतात आणि बेडकाच्या कातडीत घर करतात. आपल्या कातडीला बुरशी लागली, तर मलमावर भागतं. बेडकाची गोष्ट वेगळी. तो पाणी पितो कातडीनं आणि श्वासही बराचसा तिनंच घेतो. ती बिघडली, की अंगातल्या क्षारांचा तोल जातो आणि शेवटी हृदय बंद पडतं. ऑस्ट्रेलियात आणि मध्य अमेरिकेत डोंगरातले ओढेच्या ओढे असे मुके झाले. 2019 साली जगाचा हिशेब मांडला गेला. उभयचरांच्या 501 जाती या रोगानं घटल्या आणि त्यांतल्या 90 बहुधा कायमच्या गेल्या. एकाच रोगानं सजीवांच्या इतक्या जातींची हानी केल्याची दुसरी नोंद नाही.

जग न पाहिलेल्या माणसाला आपण ‘कूपमंडूक’ म्हणून हिणवतो. पण आपली विहीर न सोडणाऱ्या या मंडूकापर्यंत रोग पोचवला कुणी? जग फिरणाऱ्या माणसानं! या बुरशीचं मूळ कोरियाच्या बाजूला असल्याचं 2018 साली दिसून आलं. विसाव्या शतकात बेडकांचा व्यापार वाढला आणि तिला वाहन मिळालं. बाईला दिवस गेलेत का, हे तपासायला 1930 नंतर आफ्रिकेतले जिवंत बेडूक देशोदेशी पाठवले जात. कुणी खाण्यासाठी नेले, कुणी काचेच्या पेटीत पाळण्यासाठी. आपल्याकडूनही बेडकांच्या तंगड्या परदेशी जात. गॅसबत्ती घेऊन रात्री खाचरात उतरलेली माणसं मी लहानपणी पाहिली आहेत. 1987 साली त्या निर्यातीवर बंदी आली.

मग आपल्या सह्याद्रीचं काय? पश्चिम घाटात ही बुरशी आढळल्याचं 2011 साली प्रसिद्ध झालं. 2013 साली नीलेश डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ती उत्तर भागातल्या, म्हणजे आपल्या बाजूच्या घाटातल्या बेडकांवरही सापडली. दिलासा एवढाच, की हा वाण आशियातलाच होता आणि संसर्ग सौम्य होता. ऑस्ट्रेलियासारखी मरतूक आपल्याकडे नोंदली गेलेली नाही. बहुधा आपले बेडूक आणि ही बुरशी जुने शेजारी असावेत. पण बाहेरचा जहाल वाण आला, तर हा शेजारधर्म कामी येईलच असं नाही. या बुरशीला गारवा मानवतो. पेण-रोह्याच्या उकाड्यात ती फोफावत नाही. वर ताम्हिणीकडचे थंड, ओले कडे मात्र तिच्या सोयीचे. आणि काही बेडूक तर सह्याद्रीखेरीज जगात कुठेच नाहीत.

आपल्या हातात काय आहे? एका ओढ्यातला बेडूक दुसऱ्या ओढ्यात सोडू नये. विकत आणलेले परदेशी बेडूक किंवा त्यांच्या पेटीतलं पाणी नदीनाल्यात टाकू नये. घाटात भटकून आल्यावर बुटांचा चिखल धुवावा आणि बूट खडखडीत वाळवावेत. ही बुरशी कोरडेपणात मरते.

बेडकीला सर्दी कशी होईल, यावर आम्ही पोरं खळखळून हसायचो. आमच्या नातवंडांनाही तो विनोद कळायला हवा. त्यासाठी रात्री खिडकीबाहेर बेडूक ओरडत राहिले पाहिजेत.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)