मद्रासचा किनारा आणि सिंगारवेलू

कॉम्रेड्स, उद्योगपतींच्या चरित्रांत बालपणीचे कष्ट हेच पहिले भांडवल म्हणून मिरविले जाते. गिरणीत राबलेले हात तेथे सापडत नाहीत. सिंगारवेलू १८६० साली मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, मच्छीमार समाजात जन्मले व वकील झाले. पण त्या किनाऱ्यावर वाढलेली सारीच मुले काही कम्युनिस्ट झाली नाहीत! १९२१ साली असहकारात त्यांनी वकिली सोडली. त्याच वर्षी बकिंगहॅम-कर्नाटिक गिरणीच्या संपाने त्यांना कामगारांत आणले. बालपणी पाहिलेल्या श्रमाचा अर्थ त्यांना साठीनंतर, लढ्यात उलगडला. १ मे १९२३ रोजी, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, त्याच किनाऱ्यावर त्यांनी भारतातील पहिला मे दिन साजरा केला.