घर्षण : पुस्तकातले आणि पायाखालचे

(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



शाळेत घर्षण शिकविताना एक वाक्य हमखास पाठ करून घेतले जाते : घर्षणबल नेहमी गतीच्या विरुद्ध दिशेने कार्य करते. परीक्षेत त्याला पूर्ण गुणही पडतात. परंतु ते पाठ केलेल्या मुलाला ‘मग माणूस चालतो कसा?’ एवढेच विचारून पाहावे. पाऊल जमिनीला मागे रेटते आणि जमीन घर्षणाच्याच योगाने त्याला पुढे ढकलते. म्हणजे येथे बलाची दिशा चालण्याचीच ठरते. घर्षणाचा विरोध गतीला नसतो, तर दोन पृष्ठभागांच्या एकमेकांवरून घसरण्याला असतो. एवढा खुलासा वर्गात झाला नाही, तर चौकस मूल स्वतःच्या पायांवर विश्वास ठेवावा की पुस्तकावर, या संभ्रमात पडते आणि बहुधा पुस्तकाला शरण जाते. विज्ञानशिक्षणाची खरी हानी ती हीच.

दुसरी गोष्ट क्षेत्रफळाची. वीट आडवी ठेवली तर घर्षण जास्त आणि कडेवर उभी केली तर कमी, असे बहुतेक मुले छातीठोकपणे सांगतात. अशा वेळी शिक्षकाने नियम सांगण्याची घाई करू नये. विटेला दोरी बांधून ताणकाटा लावावा. तो नसेल तर साधे रबर बांधून ते किती ताणले जाते हे पट्टीने मोजावे. वीट कशीही ठेवली तरी ओढ जवळजवळ तेवढीच भरते. तिच्यावर दुसरी वीट ठेवली, की मात्र ती सुमारे दुप्पट होते. हे लिओनार्दो दा विंचीने (१४५२-१५१९) आपल्या वह्यांत टिपून ठेवले होते, पण त्या अप्रकाशित राहिल्या. पुढे १६९९ मध्ये आमोंताँ याने तेच नियम नव्याने मांडले आणि १७८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कुलाँच्या प्रयोगांनी ते दृढ झाले. कारण उमगले ते विसाव्या शतकात, केंब्रिजच्या बाउडन व टेबर यांच्या संशोधनातून. गुळगुळीत दिसणारे पृष्ठभागही काही सूक्ष्म उंचवट्यांवरच टेकतात. खरा स्पर्श किती, हे विटेच्या आकाराने नव्हे, तर तिच्या भाराने ठरते. रबर हा नियम काटेकोरपणे पाळत नाही. तेव्हा एखाद्या मुलीने टायरवरून शंका काढलीच, तर तिला गप्प बसवू नये.

सायकल हे तर घर्षणाचे अख्खे प्रकरणच आहे. साखळीला तेल घालून ते कमी करावयाचे, ब्रेकच्या रबरात मात्र ते भरपूर हवे. मुलांना सायकलचे चित्र काढून चाकांखाली बाणांनी घर्षणाची दिशा दाखवावयास सांगावे. पायडल मारताना मागच्या चाकाखालचा बाण पुढे आणि पुढच्या चाकाखालचा मागे, हे काढताना वर्गात बरेच भांडण होते. ते होऊ द्यावे. मग विचारावे, ‘आता ब्रेक दाबला तर?’ मागच्या चाकाखालचा बाण खोडून उलटा काढावा लागतो.