फोन्तामाराचे पाणी



परदेशी साहित्याकडे वळणाऱ्या कार्यकर्त्याला बहुधा आपल्या मताला आधार हवा असतो आणि एखादा लढवय्या नायक भेटावा अशी त्याची अपेक्षा असते. इन्यात्सिओ सिलोने या इटालियन लेखकाची 'फोन्तामारा' ही कादंबरी वाचताना त्याला बेरार्दो व्हियोला हा तुरुंगात प्राण देणारा शेतमजूर भेटतोही. परंतु पुस्तक मिटल्यावर दीर्घकाळ अस्वस्थ करतो तो दोन चिर्कोस्तान्त्सा नावाचा वकील.

आब्रुत्सीच्या डोंगराळ मुलखात १९०० साली जन्मलेला सिलोने १९२१ साली इटालियन कम्युनिस्ट पक्षाच्या संस्थापकांत होता. पुढे तो त्या पक्षातून बाहेर पडला. स्वित्झर्लंडमधील निर्वासित जीवनात त्याने ही कादंबरी लिहिली. मुसोलिनीच्या इटलीत तिला स्थान नव्हते. १९३३ साली झ्यूरिच येथे ती प्रथम जर्मन भाषांतराच्या रूपाने प्रसिद्ध झाली.

कथानक साधे आहे. एक सरकारी माणूस गावकऱ्यांच्या कोऱ्या कागदावर सह्या घेतो. त्या कागदाच्या आधारे गावचा ओढा एका नवश्रीमंत सत्ताधाऱ्याच्या शेतांकडे वळविला जातो. तंटा मिटविण्यास येतो तो हा वकील, जो स्वतःला जनतेचा मित्र म्हणवितो. त्याचा तोडगा असा की, तीन-चतुर्थांश पाणी धनिकाला आणि उरलेल्याचे तीन-चतुर्थांश गावाला; म्हणजे दोघांनाही समान! हिशेब मांडून पाहावा : रुपयातील बारा आणे धनिकाचे आणि उरलेल्या चार आण्यांतील तीन आणे गावाचे. ही व्यवस्था पन्नास वर्षे राहील असे ऐकताच लोक खवळतात, तेव्हा तो मुदत 'दहा लुस्त्रुम' ठरवितो. लुस्त्रुम म्हणजे पाच वर्षे, हे त्या निरक्षरांना कोठून ठाऊक असणार?

येथे वाचक हसतो आणि लगेच ओशाळतो. पाणी बळाने लुटले गेले खरे. पण त्या लुटीला संमतीचे रूप आले ते जनतेला न कळणाऱ्या भाषेमुळे, आणि ती भाषा बोलणारा शत्रूच्या वेषात आलेला नव्हता.

१९९०च्या दशकात दारिओ बिओक्का व माउरो कानाली या इतिहासकारांनी पुढे आणलेल्या कागदपत्रांवरून, सिलोने स्वतःच तरुणपणी फॅसिस्ट पोलिसांना माहिती पुरवीत होता, असा आरोप झाला. त्या कागदांच्या अर्थाविषयी अभ्यासकांत तीव्र मतभेद आहेत. आरोप खरा मानला तर वाचकाला वेदना होतात. तरीही त्या हिशेबातील एक आणाही त्यामुळे बदलत नाही.

कादंबरीच्या अखेरीस गावकरी स्वतःचे वृत्तपत्र काढतात आणि त्याच्या नावातच प्रश्न घालतात : काय करावे? प्रत्येक कार्यकर्त्याने त्यास आणखी एका प्रश्नाची जोड द्यावी. ज्यांच्या वतीने आपण ठराव मांडतो, त्यांना त्या ठरावाचा शब्द न् शब्द कळतो काय? याचे उत्तर देता येत नाही, तोवर जनतेचा मित्र हे बिरुद कोणी मिरवू नये.